फिल्म किती लावायची?

नव्या गाडीवर संरक्षक फिल्म किती लावायची, हा प्रश्न रामवाडीत राहणाऱ्यासाठी नुसता हौसेचा नाही. घराबाहेर पडलं की मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी आम्ही सगळ्यांनी खाल्ली आहे. वडखळपर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी बॉनेटवर टक टक होतेच.

ही फिल्म पॉलियुरेथेनची असते, जाडी साधारण २०० मायक्रॉन. ती ताणली जाते, म्हणून बारीक दगडाचा मार स्वतः सोसते. फडक्याने पडलेले बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने भरून येतात. खोल चीर मात्र भरत नाही आणि पोचा तर अजिबात थांबत नाही. सिरॅमिक कोटिंग ही वेगळी गोष्ट. त्याने चमक येते, पाणी घरंगळतं, पण दगड अडत नाही. हे दोन्ही एकच असल्यासारखं विकलं जातं, म्हणून सांगितलं.

दुकानदाराने पूर्ण गाडीचे ९० हजार सांगितले. फक्त पुढच्या भागाचे २८. मधले ६२ हजार माझ्याकडे होते, अडचण ती नव्हती.

घरी म्हणाली, "रमजान आलाय, हिशोब करून बघा." वापरातल्या गाडीवर जकात नाही. पण तेच ६२ हजार बँकेत राहिले तर अडीच टक्क्यांनी १५५० रुपये निघतात. म्हणजे फिल्म लावली की पैसे गाडीला चिकटले आणि गरिबाचा वाटाही त्यांच्यासोबत गेला. तेवढ्यात एखाद्या घरी महिन्याचं तांदूळ-तेल येतं. मी याला सरळ इसराफ म्हणणार नाही. जपणूक आणि उधळपट्टी यांतली रेघ प्रत्येकाने स्वतः ओढायची असते.

दुसरा विचार मोहल्ल्याचा. रात्री कुणाचं दुखलं तर गाडी आपलीच निघते. ईदला मागच्या सीटवर सहा पोरं बसतात, दाराला खिशातल्या चाव्या घासतात. ९० हजार लावल्यावर मी त्या पोरांवर ओरडलो असतो, याची मला खात्री आहे. आमच्या एका नातेवाइकांनी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक चार वर्षं काढलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यांच्या गाडीत बसणं म्हणजे शिक्षाच. पेण-हमरापूरच्या गणेशमूर्तीही ट्रकमध्ये प्लास्टिक गुंडाळून जातात, पण पोहोचल्यावर ते काढतात तरी.

बंपर, बॉनेट, पुढचे दोन्ही फेंडर, आरसे आणि हँडलमागच्या वाट्या, एवढ्यांवर फिल्म लावली. चाकामागचा दाराचा खालचा भाग आपल्याच टायरच्या खडीने सोलतो. तिथे चारही मडफ्लॅप बसवले, ८५० रुपयांत.