तुटीचा हिशेब

१) शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या गणेशोत्सवाची हिशेबवही माझ्याकडे असते. यंदा सर्वांत मोठी देणगी एका दारूविक्रेत्याची आली आणि मला अण्णासाहेब लठ्ठे आठवले.

२) लठ्ठे राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. शाहू महाराजांशी बिनसल्यावर ते बेळगावात वकिली करू लागले. तरी महाराजांचे इंग्रजी चरित्र १९२४ साली त्यांनीच लिहिले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते कोल्हापूरचे दिवाण झाले.

३) १९३७ साली खेर मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. काँग्रेसला दारूबंदी हवी होती. पण अबकारी हा तिजोरीचा मोठा आधार. तूट भरण्यासाठी शहरांतील घरे-इमारतींवर नवा कर आला. मालमत्ताधारक खवळले. तरी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी लागू झाली. युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, तो त्यानंतर तीनच महिन्यांनी.

४) तत्त्व सांगणे सोपे, त्याची किंमत कोणाकडून वसूल करायची, हे सांगण्याचा वाईटपणा तिजोरी राखणाऱ्याला घ्यावा लागतो. मी देणगी परत केली आणि त्याच बैठकीत घरटी वर्गणी वाढवण्याचा ठराव मांडला. ठराव एका मताने तरला. पेठेत काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत.