सहा जानेवारीची मुले

"टीचर, नव्वद टक्के काम झालं. आता फक्त फिनिशिंग राहिलंय."

आमचा एक जुना विद्यार्थी फोनवर असे म्हणाला तेव्हा रमजानचा पहिला अशरा संपत आला होता. कोंढव्यात त्याचे छोटेसे ऑफिस आहे, हाताखाली तीन मुले आहेत. आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर, निकालपत्रके आणि शाळा सोडल्याचे दाखले संगणकावर आणण्याचे काम संस्थेने त्याला दिले होते. १ मे रोजी निकाल होता आणि त्या दिवसापासून सगळे कागद नव्या सॉफ्टवेअरमधूनच निघायचे होते. शाळेच्या वतीने हे काम तपासून घ्यायला आम्हा दोन शिक्षकांना आणि क्लार्क साहेबांना नेमले होते.

नव्वद टक्के म्हणजे संपल्यातच जमा, असे आम्हाला वाटले. सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात यावर एक जुना विनोद आहे, तो आम्हाला पुढे कळला. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधील टॉम कारगिल यांच्या नावाने तो सांगितला जातो. पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के! हिशेब जुळत नाही, आणि त्यातच त्याची गंमत आहे. सॉफ्टवेअर बांधताना काम आपल्या हातात असते. शेवटच्या टप्प्यात त्याची गाठ खऱ्या जगाशी पडते. आमच्याकडे हे खरे जग म्हणजे चाळीस वर्षांची रजिस्टरे, पुसट झालेली निळी शाई, कुठे 'मो.' तर कुठे 'मोहम्मद', आणि आडनावाचा रकाना रिकामा असलेली कितीतरी नावे.

खरे तर या टप्प्यावर आम्ही हात आखडता घ्यायला हवा होता. आम्ही नेमके उलटे केले. कुणाला दाखल्यावरचा शिक्का रंगीत हवा होता, कुणाला हजेरीचा तक्ता त्यातच हवा होता. आम्ही उर्दूचे शिक्षक, म्हणून दाखल्यावर मुलाचे नाव उर्दूतही यावे असा आमचा हट्ट.

"टीचर, हे ईदनंतर करू या का?" तो अदबीने म्हणाला.

"अरे बेटा, एवढ्याशा कामाला वेळ तो किती लागणार?"

उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळे, मध्ये वेगळे आणि शेवटी वेगळे दिसते. शब्द उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडे डावीकडून उजवीकडे. छापताना नावे तुटू लागली, अक्षरे सुटी पडू लागली. ती मुले रोजे ठेवून, तरावीहनंतर बसून सहरीपर्यंत हे दुरुस्त करत राहिली. या रात्री खरे तर तपासणीसाठी राखून ठेवलेल्या होत्या. संस्थेतल्या एका बुजुर्गांनी सल्ला दिला, "आणखी चार पोरं लावा." फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञांनी आयबीएममधल्या मोठ्या कामाच्या अनुभवावरून १९७५ साली एक पुस्तक लिहिले. रखडलेल्या कामावर नवी माणसे लावली की काम आणखी रखडते, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. नव्यांना समजावून सांगण्यातच जुन्यांचा वेळ जातो. आमचा विद्यार्थी एवढेच म्हणाला, "नई पोरं आली तर त्यांना शिकवणार कोण?"

शेवटी त्याने चाळीस मुद्द्यांची एक यादी आणून दिली. प्रत्येक मुद्दा तपासायचा, समोर खूण करायची आणि खाली सही. एकतिसावा मुद्दा होता, वीस मुलांच्या जन्मतारखा रजिस्टरशी ताडून पाहणे. इफ्तारला वीस मिनिटे उरली होती. आम्ही पाच तारखा पाहिल्या. पाचही बरोबर निघाल्या. आम्ही वीसच्या वीस तपासल्याची खूण केली आणि सही ठोकली.

१ मे छान पार पडला. निकालपत्रके स्वच्छ, नावे ठळक, उर्दू देखणी. सगळ्यांनी कौतुक केले, आम्हीही ते घेतले.

दोन आठवड्यांनी एक आई दाखला घेऊन परत आली. मुलीला सातवीनंतर दुसऱ्या शाळेत घालायचे होते. बाईंना फारसे वाचता येत नव्हते, तारीख शेजारच्या मुलाने वाचून दाखवली होती. दाखल्यावर लिहिले होते ७ मार्च.

"टीचर, मेरी बच्ची तो बारिश में हुई थी," त्या म्हणाल्या. "छतातून पाणी गळत होतं, मला चांगलं आठवतंय."

रजिस्टर काढले. ३ जुलै.

टायपिंगची चूक असेल, असे आम्ही आधी मनाला समजावले. क्लार्क साहेब मात्र गप्प बसून संगणकावर नावे वर-खाली करत होते. मग त्यांनी विचारले, "आपल्याकडे सहा जानेवारीला जन्मलेली एवढी मुलं कधी होती?"

पानेच्या पाने ६ जानेवारी! आणि क्षणात आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या काळी आईबापांना तारीख ठाऊक नसली की शाळेत १ जून लावली जायची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचे रजिस्टर उघडा, १ जूनची मुले सापडतीलच. ती सगळी आमच्याकडे ६ जानेवारीची झाली होती.

घडले होते असे. ज्या संगणकावर नोंदी एकत्र केल्या, तो अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता. तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस. म्हणून १/६ चे झाले ६ जानेवारी आणि ३/७ चे झाले ७ मार्च. पण २५/७ असेल तर पंचविसावा महिना नसतोच, त्यामुळे तिथे चूक करायला संगणकाला वावच नव्हता. बारा तारखेनंतरचे सगळे जन्म बरोबर राहिले. आम्ही तपासलेल्या पाचही तारखा नेमक्या बारानंतरच्या होत्या. नंतर आम्ही कागदावर मांडून पाहिले. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस असे आहेत, ज्यांची तारीख अशी उलटते. म्हणजे तिनात एकाहून थोडे जास्तच. वीस तारखा इमानदारीने पाहिल्या असत्या तर चूक त्याच दिवशी सापडण्याची भरपूर शक्यता होती.

तोवर बावीस दाखले गेले होते. त्यांतल्या आठांवर चुकीची तारीख होती.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख म्हणजे काय, हे आपल्या घरांना सांगायला नको. पुढची शाळा, बोर्डाची परीक्षा, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, सगळीकडे तीच तारीख लागते. दोन कागदांवर दोन तारखा असल्या की गरीब माणसाचे हेलपाटे सुरू होतात, आणि शाळा सुटल्यावर जन्मतारीख दुरुस्त करून घेणे सोपे नसते. आमच्या एका खोट्या खुणेने हे ओझे आठ मुलांच्या माथी आले होते.

रात्री त्याला फोन केला. तो घाबराघुबरा होऊन म्हणाला, "टीचर, गलती मेरी है." आम्ही म्हटले, "सही तो हमारी है, बेटा."

त्याच आठवड्यात थोरले भाईजान घरी आले होते. तारखांचा घोळ ऐकून त्यांना १९९९ आठवले. तेव्हा ते पुण्यातल्या एका कंपनीत होते आणि 'वाय टू के'च्या कामावर होते. जुन्या संगणकांत जागा महाग, म्हणून वर्षाचे दोनच आकडे साठवत. १९९९ चे ९९. मग २००० चे होणार ००, आणि संगणक ते १९०० समजणार. व्याज, पेन्शन, विम्याची मुदत, सगळे उलटेपालटे. जगभरच्या बँका आणि कंपन्यांनी हे काम भारतातल्या मुलांकडे सोपवले, त्यात पुणेही होते. कोबोल भाषेतल्या लाखो ओळी चाळून जिथे जिथे तारीख आहे ती जागा शोधायची. इतर कामात मुदत चार दिवस पुढे ढकलता येते, इथे ती सोयच नव्हती.

"शेवटचे काही आठवडे आम्ही नवीन काहीच केलं नाही," भाईजान म्हणाले. "साहेबांचा हुकूम होता. कितीही चांगली सूचना असली तरी वहीत लिहा, जानेवारीत पाहू. फक्त तपासायचं. वेगळ्या मशीनचं घड्याळ पुढे नेऊन पाहायचं. १ जानेवारीच नाही, २९ फेब्रुवारीसुद्धा." शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष असते, १९०० नव्हते, २००० होते. गणिताचे शिक्षक हा नियम वर्गात सांगतात. तिथे तो चुकला असता तर हिशेब कोलमडले असते.

३१ डिसेंबर १९९९ हा शुक्रवार होता आणि रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. भाईजान जुम्याची नमाज पढून ऑफिसात गेले. दुपारी साडेचारला न्यूझीलंडमध्ये बारा वाजले, तिकडून बातमी आली की सगळे ठीक. इफ्तार टेबलावरच, खजूर आणि पाण्यावर. पहाटे साडेपाचला, सहरीची वेळ संपत आली असताना, लंडनला बारा वाजले. न्यूयॉर्कचे बारा आपल्याकडे सकाळी साडेदहाला वाजणार होते, तोवर रोजा ठेवून बसून राहिले. काहीच झाले नाही. घरी आले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "काहीच झालं नाही तर रात्रभर बसलास कशाला?"

"अम्मीला मी काय सांगणार?" भाईजान हसले. "बसलो म्हणूनच काही झालं नाही. शेवटच्या टप्प्याचं काम असंच असतं. नीट केलं तर ते कुणाला दिसतच नाही."

आम्हाला तेव्हा बाजारातली ती हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले धान्य वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. वर्गात ही हदीस आम्ही अनेकदा शिकवली होती. नेहमी विक्रेत्याकडे बोट दाखवून. आमचे काम ढिगात हात घालण्याचे होते आणि आम्ही वरवरचे सुके धान्य पाहून सही केली होती, हे या वेळी कळले.

मग आम्ही दाखले देणे दहा दिवस थांबवले. पालक रागावले, ते ऐकून घेतले. नवीन मागण्या एका वहीत टाकून वही कपाटात ठेवली. कुरआनातली सर्वात दीर्घ आयत, सूरह बकरातली २८२ वी, देण्याघेण्याच्या लिखापढीवर आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार घ्यावेत, असे त्यात फर्मावले आहे. त्याच न्यायाने एकाने रजिस्टर मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, आणि दोघांची सही. नोंदी हजारो होत्या, म्हणून सध्या शिकणारी सगळी मुले आधी घेतली, जुन्या मुलांची नोंद दाखला मागायला येतील तेव्हा मूळ पानाशी ताडून. विद्यार्थ्याने सॉफ्टवेअरमधल्या उरलेल्या उणिवा एका कागदावर लिहून दिल्या. तो कागद आम्ही ऑफिसच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लावला. ओले धान्य वर ठेवले. आणि जुने रजिस्टर रद्दीत न देता वर्षभर सोबत चालवायचे ठरवले.

आठ दाखले परत आणायला आम्ही स्वतः गेलो. येरवडा, हडपसर, कोंढवा. एक कुटुंब सोलापूरला गेले होते, त्यांना दोनदा फोन करून नवा दाखला पोस्टाने पाठवला आणि जुना परत मागवला. दोन घरी चहा मिळाला, एका घरी बोलणी. दोन्ही आमच्या हक्काचेच होते.

वाचक भगिनी-बंधूंना एक विनंती. शाळेतून दाखला किंवा निकालपत्रक घेतले की खिडकीपाशीच उभे राहून वाचा. नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, जन्मतारीख, आकड्यांतली आणि अक्षरांतली. वाचता येत नसेल तर क्लार्कला मोठ्याने वाचायला सांगा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि घरातली मुले हिंजवडीत, खराडीत असे काम करत असतील, शेवटच्या आठवड्यात चिडचिडी होऊन उशिरा घरी येत असतील, तर "अजून संपलं नाही का?" असे विचारण्याआधी त्यांच्यापुढे एक ताट ठेवा.

त्या मुलीची आई नवा दाखला न्यायला आली तेव्हा आम्ही तो मोठ्याने वाचून दाखवला. तीन जुलै. त्यांनी मान डोलावली, कागद घडी करून पदरात बांधला आणि विचारले, "बाकीच्या मुलांचंही पाहिलंत ना?"

"अजून पाहतोय," आम्ही म्हटले.