सुईच्या कामाला जेल कशाला?

फवारणीचा हंगाम आला की आमच्याकडे शीर सापडणं हीच पहिली लढाई असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते साल इथं तातडीच्या विभागात काम करणारा कुणी विसरणार नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटचं विष भिनलेल्या माणसाला ॲट्रोपिन पुन्हापुन्हा द्यावं लागतं, आणि त्याचं अंग तर घामानं निथळत असतं. सिकलसेलच्या पेशंटची तऱ्हा वेगळी. लहानपणापासून सुया टोचून टोचून त्यांच्या हातावर टोचण्याजोगी शीरच उरलेली नसते. अशा वेळी मी सोनोग्राफीचा प्रोब घेतो.

दंडाच्या आतल्या बाजूला, जरा खोलवर, बॅसिलिक शीर असते. पडद्यावर ती काळा गोल म्हणून दिसते. प्रोबनं हलकं दाबलं की शीर मिटते. शेजारची धमनी मात्र ठोके देत उघडीच राहते. मग सुईचं टोक पांढरा ठिपका होऊन शिरेत उतरताना बघायचं. पण प्रोब आणि कातडीमध्ये हवेचा पापुद्रा जरी राहिला तरी ध्वनिलहरी जवळजवळ सगळ्या मागं फिरतात आणि चित्र जातं. जेल ही हवा हाकलतं, बस्स. ते काम पाणीही करतं.

पोटाच्या तपासणीला जेल उत्तम. सुईच्या कामात मात्र ते आड येतं. हातमोजे निसरडे होतात, आणि शीर मिळाल्यावर व्हेनफ्लॉनवरची पट्टी चिकटत नाही. घामेजलेल्या दंडावर तर नाहीच. शिवाय भरून भरून वापरलेल्या बाटलीतलं जेल निर्जंतुक नसतं. बर्कहोल्डेरियासारखे जंतू त्यात वाढतात आणि जेलमधून संसर्ग पसरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. कॉर्नफ्लोअर शिजवून केलेलं जेल डॉक्टरांनी वापरून पाहिलं, चित्रही चांगलं दिसलं. पण तेही निर्जंतुक नाही, म्हणून सुईजवळ नको.

माझी पसंती निर्जंतुक सलाईनला. प्रोबच्या तोंडावर पारदर्शक चिकट ड्रेसिंग ताणून लावायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. दंड सपाट ठेवायचा आणि सहकाऱ्यानं सिरिंजनं थोडं थोडं सलाईन सोडत राहायचं, कारण ते ओघळतं. काम झालं की गॉजनं टिपायचं. कातडी कोरडी, पट्टी घट्ट. प्रोबही लगेच पुसायचा. सलाईन फारच ओघळत असेल तर लघवीच्या नळीसाठी वापरतात ती निर्जंतुक जेलीची पुडी चालते. क्लोरहेक्सिडिनचं स्पिरिट कातडी साफ करायला हवंच, पण काही प्रोबच्या तोंडावरचं आवरण स्पिरिटनं खराब होतं, म्हणून मशीनचं माहितीपत्रक आधी वाचावं.

मशीन मिळणं हीच खरी अडचण. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते मनात येईल तिथं नेता येत नाही. मुलींच्या जिवासाठी हा कायदा हवाच, त्यावर माझी तक्रार नाही. पण नोंदणी झालेलं मशीन जिथं आहे, तिथं ते शिरेसाठीही वापरलं जावं.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना एवढंच सांगणं आहे: त्या मशीनच्या ट्रेमध्ये जेलच्या बाटलीऐवजी सलाईनच्या सीलबंद ॲम्प्युल आणि पारदर्शक ड्रेसिंग ठेवा.