तिथीनं जुळव

16 जून 2025, सोमवार
शाळा सुरू. वह्या, पेन, डब्यासाठी बिस्किटपुडे. पुतण्या कालपासून आमच्याकडं राहायला. कॅनॉटला डेटा ॲनालिटिक्सचा क्लास लावलाय, पैठण तालुक्यातून रोज ये-जा परवडत नाही. रात्री म्हणाला, काकू, दुकानाच्या वह्या द्या, प्रोजेक्टला खरा डेटा पाहिजे. घे म्हटलं. वाचता आल्या तर.

18 जून
वाचता येईनात. उधारीच्या वहीत एकच बाई तीन नावांनी: टाकीजवळची वहिनी, पिंटूची आई, नुसतंच "ताई 40". मला शेजारी बसवून घेतलं. म्हणे अर्ध्याच्या वर काम हेच, डेटा साफ करायचं. क्लासात शीट आधीच साफ करून देतात.
कोऱ्या तारखांवरून वाद. तो सगळीकडं शून्य भरत सुटला. थांबवलं. त्यातल्या काही दिवशी दुकान बंद होतं, काही दिवशी उघडं होतं पण लिहायला कुणाला वेळ नव्हता. दिवसभर बसलो आणि काहीच विकलं नाही, असा दिवस मला तरी आठवत नाही. शेवटी त्यानं "नोंद नाही" असा वेगळा रकाना केला.

22 जून, रविवार
मेन रोडवरची दुकानं, शेड, टपऱ्या शुक्रवारी पाडल्या. पेपरात आकडा दोनशेच्या वर. आपण आतल्या गल्लीत, आपल्याला काही झालं नाही. चहावाल्या मावशी, भजीवाला, वडापावच्या गाड्या, सगळे आपले महिन्याचे गिऱ्हाईक. साखर, पत्ती, बेसन, तेलाचे डबे.

25 जून
गर्दी. रोडवर किराणा घेणारे आत येऊ लागले. दूध दुपारीच संपलं.

26 जून
पाणी आलं. रात्री दोनला. झोप नाही.

29 जून, रविवार
आज सांख्यिकी दिवस म्हणे. महालनोबिस यांचा जन्मदिवस, 2007 पासून सरकार पाळतं. पुतण्यानं त्या मुहूर्तावर आमचे आकडे मांडले.
बिलांची संख्या बरीच वाढली. सरासरी बिल मात्र 212 वरून 158. हे दचकलेच. लोकांकडं पैसा राहिला नाही का, म्हणाले. पुतण्यानं मग सगळी बिलं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावली आणि बरोबर मधलं काढलं. आधी 90 होतं, आता 95. म्हणजे घरासाठी नेणारा पूर्वीइतकंच नेतोय, उलट पाच रुपये जास्त. सरासरी टपऱ्यांच्या मोठ्या बिलांनी वर धरली होती. ती मोजकीच बिलं थांबली आणि सरासरी खाली आली.
यांना मधलं बिल पटलं. मला त्या मोठ्या बिलांची नावं आठवत राहिली.

2 जुलै
मावशींकडं 4,300 उधार. फोन बंद.

7 जुलै
काल आषाढी. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, सगळं संपलं. पुतण्या खूश. जुलैचा पहिला आठवडा गेल्या वर्षीच्या दीडपट!
गेल्या साली आषाढी 17 तारखेला होती, म्हटलं. कॅलेंडर काढून दाखवलं. इंग्रजी तारखेला तारीख लावून उपयोग नाही, तिथीनं जुळव. जुळवलं. वाढ आहे, दीडपट नाही. त्यात कंपन्यांचे पगार 7 ते 10 ला. यंदा एकादशी पगाराच्या आधी पडली, म्हणून विक्री दिसते आणि गल्ल्यात पैसा दिसत नाही. याला सीझनॅलिटी म्हणतात असं कळलं. त्यांच्या सरांच्या शीटमध्ये ख्रिसमसची विक्री आहे.

13 जुलै
आज परेटो. इटलीतली जमीन थोड्याच लोकांकडं कशी, हे दाखवणारा माणूस. त्यावरून दुकानदारीचा हिशेब निघाला: थोडा माल बहुतेक विक्री देतो. आमची यादी त्यानं तशीच उतरत्या क्रमानं लावली. वर तेल, साखर, तांदूळ, दूध. तळाला कापूर, वाती, सुई, नाडी. म्हणाला, हे बंद करा, जागा मोकळी होईल.
कापूर न्यायला आलेली बाई तेवढंच घेऊन जाते का, ते आधी बघ. बिलातल्या जोड्या शोधल्या त्यानं. कापूर जवळपास कधीच एकटा जात नाही. तेल, अगरबत्ती, गूळ, काहीतरी बरोबर असतंच. कापूर वाचला. नाडीबरोबर काही निघेना, ती खरंच एकटी जाते. तरी ठेवणार. नाडी नसलेलं कसलं दुकान!

20 जुलै
हे म्हणाले, शेजारचा गाळा घेऊ. वाढ दिसतेय तर कर्ज फिटेल. पुतण्यानं आलेखावर पुढची रेघ ओढून दाखवली. रेघ वरच जाते.

27 जुलै, रविवार
दीर आले, गावाकडून. गव्हाची पिशवी, शेवग्याच्या शेंगा. पीक कापणी प्रयोगाचं बोलणं निघालं. पुतण्यानं सुखात्म्यांचं सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, आजच त्यांचा जन्मदिवस, 1911 चा. उत्पादनाचा अंदाज काढायला शेतातला केवढा तुकडा कापायचा, यावर त्यांचा आणि महालनोबिसांचा वाद होता. तुकडा लहान घेतला की काठ जास्त येतो, काठावरचं रोप आत धरलं जातं आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी दाखवलं. दीर हसले. दोरी ताणणाऱ्याला विचारा म्हणाले, त्याला ते पहिल्यापासून माहीत आहे.

8 ऑगस्ट
आज विमानांची गोष्ट. दुसरं महायुद्ध. परत आलेल्या विमानांना कुठं कुठं गोळ्या लागल्या, ते मोजत होते. अब्राहम वाल्ड नावाच्या गणितीनं बघितलं की जी परत आलीच नाहीत त्यांची भोकं या मोजणीत नाहीत. हा वाल्ड 1950 मध्ये भारतात व्याख्यानं द्यायला आला आणि निलगिरीत विमान पडून गेला. बायकोसकट. पुतण्यानं हे गंमत म्हणून सांगितलं. मला गंमत वाटली नाही.
रात्री बसून जूनपासून दुकानात न आलेल्यांची यादी केली. मावशी. भजीवाला. गाडीवर खाऊन कामाला जाणारी, येता-जाता तंबाखू आणि साबणाची वडी नेणारी पोरं. मागच्या खोल्यांमधले दोन भाडेकरू. पानभर झाली. यातलं एकही नाव त्याच्या आलेखात नाही.

9 ऑगस्ट
राखी. यादी पुतण्याला दिली. बराच वेळ बघत बसला.

17 ऑगस्ट
त्यानं रेघ पुसली. म्हणाला, काकू, वाढ आपल्यामुळं आहे की रोडवरची दुकानं गेल्यामुळं, हे या आकड्यांतून सुटत नाही. ती दुकानं परत कुठं लागतात ते बघितल्याशिवाय गाळ्याचं बोलू नका. काकांना तू सांग म्हटलं. सांगितलं. काका रागावले, जेवले, झोपले.

4 सप्टेंबर
रामनगरकडं नवा किराणा लागला. रोडवरचेच दोघं भागीदारीत. दूध आता रात्रीपर्यंत पुरतं.
गाळ्याचा विषय कुणी काढत नाही.

6 सप्टेंबर
उधारीच्या शीटमध्ये मावशींच्या नावापुढं त्यानं "बुडीत" लिहिलं. खोडायला लावलं. त्यांचा पत्ता मला माहीत नाही, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. तेवढंच लिही.

22 सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. आणि नवी जीएसटी. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 टक्क्यांवरून 5 वर. सकाळपासून गिऱ्हाईक छापील किंमत बोटानं दाखवतंय. पुतण्या म्हणाला, आता रुपयांत विक्री घटलेली दिसेल, माल तेवढाच गेला तरी. आजपासून नग लिहायचे. लिहिणार कोण? मीच.

28 सप्टेंबर, रविवार
पाऊस थांबेना. जायकवाडीतून गोदावरीत पाणी सोडलंय. दिरांचा फोन लागत नाही.

29 सप्टेंबर
लागला. माणसं, जनावरं ठीक. सोयाबीन पाण्याखाली.
विम्याचं विचारलं. यंदाच्या खरिपापासून भरपाई फक्त कापणी प्रयोगावर. महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेलं तरच पैसे. पुतण्या बापाला फोनवर सरासरी समजावू लागला. दीर म्हणाले, ते मला कळतं रे. आपलं वावर नदीला लागून आहे, मंडळातली बाकीची माळावर आहेत.
पुतण्या उद्या पहाटेच्या गाडीनं गावी. पंचनाम्याला फोटो लागतील. मोबाइलमध्ये जागा नव्हती, क्लासचे व्हिडिओ पुसून टाकले.