आठशेचं हेड

मारुती ८०० उघडायला फार हत्यारं लागत नाहीत. दहा, बारा, चौदाचे पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच आणि चार रविवार. माझे सहा गेले.

१९९७ ची ही गाडी अण्णांची. एसटीच्या रत्नागिरी डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांचं आयुष्य गेलं, निवृत्तीच्या पैशातून ही सेकंडहँड घेतली. आता नजर साथ देईना, तेव्हा भंगारात द्यायला निघाले. मी झाशीला मागवून घेतली. ट्रकमधून उतरवताना डावा फेंडर चेपला. वर रेडिएटरचा होज फुटलेला असताना ट्रान्सपोर्टवाल्याच्या पोराने तशीच हाणत क्वार्टरपर्यंत आणली. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. म्हणजे हेड गॅस्केट गेलं.

माझा सहायक साताऱ्याचा. म्हणाला, "साहेब, वर्कशॉपमधल्या पोरांना सांगू का? संध्याकाळपर्यंत उभी करतील."

करतीलच. रणगाड्याचं इंजिन उतरवणाऱ्यांना तीन सिलिंडरचं काय! पण त्यांचे तास सरकारी गाड्यांचे आहेत, आणि मला 'नाही' म्हणायची त्यांना सोय नाही. खांद्यावर एवढे तारे घेऊन केलेली विनंती हा हुकूमच असतो. माझ्या एका जुन्या सीओंच्या घरी मी कधी युनिटचा माणूस खाजगी कामाला पाहिला नाही. त्यावर ते कधी बोललेही नाहीत. सहायकाला म्हटलं, रविवार आहे, मॅच बघ जा.

फोन स्पीकरवर टाकून बॅटरीवर ठेवला. पलीकडे अण्णा.

"बोल्ट एकदम काढू नको रे. बाहेरून आत ये, प्रत्येकाला थोडं थोडं ढिलं कर. ॲल्युमिनियम आहे, वाकेल."

हेड निघालं. त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, तर दोन आणि तीन नंबरच्या मध्ये ०.०५ मिलिमीटरची पात सहज आत सरकली. फेसिंगला लेथवाल्याकडे गेलं. सोबत टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवा. एवढं उघडल्यावर जुना बेल्ट परत चढवणं म्हणजे कंजूषपणा.

फेंडर दहाच्या बोल्टांवर असतो, सुटून आला. मागे कोकणची खारी हवा पंचवीस वर्षं साठलेली! मॅटखाली तर रुपयाएवढं भोक, खालची जमीन दिसत होती. तो पत्रा वेल्डरकडून बदलून घेतला. सीटखाली रिव्हेट मारून भागवू नये. फेंडर मात्र मीच हातोडी-डॉलीने आतून उठवला. जाड पुटी थापली की ती पुढे तडकते, म्हणून आधी पत्रा शक्य तितका सरळ करायचा. मग पॉलिश पेपर, पाणी आणि संयम. खडकवासल्याला तीन वर्षं बूट चमकवलेली बोटं इथे कामी आली. रंगाची छटा उन्हात वेगळी दिसते, बायकोने पहिल्याच मिनिटाला दाखवून दिलं.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. सहाव्या रविवारी स्टार्टर मारला. काटा मध्यावर येऊन थांबला, पंखा लागला, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. फोन बॉनेटखाली धरला. अण्णा बराच वेळ ऐकत राहिले.

"टॅपेट वाजतंय. दोन नंबरचं असेल."

"बाकी ठीक ना?"

"थंड झाल्यावर बघ. गरम असताना हात घालू नको."