बालाघाटावरील मालबेक

वऱ्हाडच्या जुन्या दप्तरांत पयानघाट आणि बालाघाट असे जे विभाग आढळतात, त्यांपैकी पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या, कसदार जमिनीचा पयानघाट कापसाने संपन्न झाला. राजूर घाट चढून आल्यावर लागणारा मुरमाड बालाघाट मात्र जमाबंदीत बहुधा हलक्या प्रतीचाच ठरला. बुलढाणा तालुक्यातील आमची वडिलोपार्जित जमीन या दुसऱ्या प्रकारातली, आणि तिच्या उतारावर मालबेक या तांबड्या वाइनच्या द्राक्षाच्या काही ओळी मी लावल्या, त्या तिच्या या हलकेपणाच्याच भरवशावर.

मालबेक मूळचे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील काओर परिसराचे. ज्या १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला, त्याच साली अर्जेंटिनातील मेंदोसा येथे कृषिशाळा स्थापण्याचा प्रस्ताव मांडला गेला, आणि मिशेल पूजे या फ्रेंच तज्ज्ञाने तिच्यासाठी आणलेल्या वेलींबरोबर हे वाण अँडीज पर्वताच्या पायथ्याशी रुजले. तेथे वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, पर्वतावरील वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी मळ्यांत खेळवले जाते, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असतो. म्हणून काओरमध्ये तुरट, उग्र निघणारे हे मद्य तेथे गडद जांभळे, मृदू आणि पिकल्या जांभळाची आठवण देणारे होते. महाराष्ट्रात इगतपुरी तालुक्यातील कवनईजवळच्या व्हॅलोने या मळ्यात मालबेकची वाइन तयार होते. तिची चव घेतल्यावरच माझ्या मनात या वेलीची ओढ निर्माण झाली.

आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, आणि वेलीला झोप देणारे हिमकाळाचे महिने नाहीत. ती विश्रांती येथे कात्रीने द्यावी लागते: एप्रिलमध्ये खरडछाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा ओसरल्यावर फळछाटणी करून घड घ्यायचे, म्हणजे पक्वतेचा काळ कोरड्या, थंड दिवसांत येतो. परतीचा पाऊस लांबला आणि फुलोऱ्यावर ढगाळ हवा आली, तर मालबेक मोठी गळ दाखवते. हा तिचा स्वभावच आहे, आणि फ्रान्समधील बागाईतदारही त्याने पिढ्यान्पिढ्या गांजलेले आहेत. परंतु मण्यांत पाणी उतरू लागले, की बालाघाटाच्या रात्री तिच्या कामी येतात. दिवसा तापलेला मुरूम संध्याकाळनंतर झपाट्याने निवतो, उतारावरून पाणी निघून जाते, मुळांना चैन मिळत नाही, आणि वेल पानोऱ्याचा हव्यास सोडून घडाकडे वळते. जानेवारीच्या पहाटे ओळींतून चालताना हिरव्या मण्यांवर प्रथम गुलाबी, मग जांभळी आणि अखेरीस जवळजवळ काळी छटा चढताना मी पाहिली आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात याहून अधिक समाधानाचे क्षण फार नसतात.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ऊन चढले, की साखर धावू लागते आणि आंबटपणा उतरतो. त्या दिवसांत तोडणीला उशीर करणे म्हणजे वाइनचा तजेला गमावणे होय. गारपिटीचे भय मेंदोसालाही आहे, तेथे मळ्यांवर जाळ्या ताणतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारांनी महाराष्ट्राची जी वाताहत केली, ती पाहता हा खर्च आपल्याकडेही अनाठायी म्हणता येणार नाही.

घाटाखालच्या भारी जमिनीत मालबेक लावू नये; तेथे तिला पालाच फार येईल. ज्यांच्या सातबाऱ्यावर घाटावरचा निचऱ्याचा उतार आहे आणि उन्हाळ्यापुरते शेततळ्याचे पाणी आहे, त्यांनी हे वाण अवश्य लावून पाहावे, मात्र लागवडीपूर्वी खरेदीचा करार लेखी करून घ्यावा, कारण हे द्राक्ष बाजारात खाण्यासाठी विकले जात नाही.