मचाण

अकोटच्या बाजूला ज्वारीत दाणा भरू लागला की वावरात मचाण उभं राहायचं. चार बल्ल्या, त्यांना बांधलेल्या आडव्या दांड्या, वर बांबूचा ताटवा, ताटव्यावर कडबा आणि डोक्यावर तुराट्यांचं छप्पर. चढायला खाचा पाडलेलं एकच लाकूड. आमचे सालदार ते एका दिवसात बांधत आणि वर जाऊन पाय आपटून पक्कं झालं का ते पाहत. दिवसाची राखण आम्हा पोरांकडे असे. गोफण, पत्र्याचा डबा आणि स्वतःचा घसा, एवढ्या सामानावर चिमण्यांचे नि पोपटांचे थवे सूर्य मावळेपर्यंत उठवायचे. रात्रीची जागल मात्र गडीमाणसांची. रोही आणि डुकरं अंधार पडल्यावर येत, आणि मुलींनी जागलीला जायचं नाही हे घरात कुणी बोलूनही दाखवत नसे, इतकं ते ठरलेलं होतं. मी माडीवरून ऐकत पडायची. एका वावरातून लांब आरोळी उठे, तिला दुसऱ्या वावरातून उत्तर येई, मग पार नाल्यापलीकडून तिसरी.

मचाणावरून उत्तरेला सातपुडा दिसे. पावसाळ्यानंतर निळा, उन्हाळ्यात धुरकट. चैत्र-वैशाखात रात्री डोंगरावर वणव्याच्या लाल रेघा सरकताना घरूनही दिसत. बाबा तिकडे बोट दाखवून म्हणायचे, "सारे तिथूनच येतात." जंगलाशी माझी पहिली ओळख ही अशी झाली. जिथून आपलं पीक खाणारे येतात, ती जागा.

पुढे कॉलेजात असताना ग्रंथालयात जेम्स फॉर्सिथचं १८७१ साली निघालेलं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक हाती लागलं. सातपुडा, गवे, वाघ, कोरकू, गोंड, सगळं त्यात आहे. फॉर्सिथची नजर तीक्ष्ण होती आणि हातात बंदूक होती. त्यानंतर शिकारीची इतर पुस्तकंही वाचली, आणि तिथं मचाणाचं दुसरं रूप भेटलं. खाली गारा, म्हणजे आमिषाचं जनावर, बांधलेला, वर साहेब बसलेला, आणि पलीकडून हाका घालत रान उठवणारी माणसं. ती माणसं बहुतेक त्याच रानातली असत. मचाण बांधणारे तेच, झाडाझुडपांतून वाघ पुढे काढणारे तेच. फोटोत मात्र ते कडेला उभे असत, नाव नसलेले. ते फोटो मी फार वेळ पाहत बसायची. आमच्या वावरातल्या चार बल्ल्या आणि या चार बल्ल्या, दोन्हीकडे रात्रभर जागायचं होतं. जागण्याचा हेतू तेवढा निराळा.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचं नाव होतं. त्याचा गाभा म्हणजे गुगामल राष्ट्रीय उद्यान, ३६१ चौरस किलोमीटरचं. नकाशात ते अमरावतीपासून फार लांब दिसत नाही, पण परतवाडा सोडून घाट चढायला लागलं की अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ राहत नाही. सेमाडोहपर्यंत वळणं, त्यानंतर सागाच्या भिंती. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या पाच नद्या हे सगळे डोंगर उतरून तापीला पाणी देतात. मे महिन्यात त्यांच्या पात्रात नुसते गोल दगड उरतात, आणि कुठे कुठे सावलीतला एखादा डोह. रानातल्या साऱ्या जिवांचा जीव तेव्हा त्या डोहांपाशी येऊन थांबतो.

म्हणूनच बुद्धपौर्णिमेची रात्र. पाणी कमी, चंद्र पूर्ण, झाडं बरीचशी निष्पर्ण. पाणवठ्याशेजारी मचाण बांधून रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायची, ही वनखात्याची जुनी रीत. मी शिक्षिका झाले, पगार सुरू झाला, आणि पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून मेळघाटात गेले ती या रात्रीसाठी. घरून कुणी अडवलं नाही. आई फक्त म्हणाली, "पांघरायला घेऊन जाय. पहाटे थंडी पडते."

सोबत एक कोरकू वनरक्षक होती, वयानं माझ्याहून लहान. तिनं माझी पिशवी तपासली, डोक्याचं तेल कोणतं लावलंय ते विचारलं, आणि पिवळी ओढणी आत ठेवायला लावली. नंतर बांबूची शिडी वर ओढून घेतली. दुपारी तीनपासून आम्ही बसलो. तापलेल्या दगडांचा वास येत होता. आधी वानरं आली, एकेक करून, कुणीतरी झाडावर पहाऱ्याला ठेवून. मग मोर, मग रानकोंबड्या. एक भेकर पाण्यापर्यंत येऊन पुन्हा वळलं, परत आलं, परत वळलं. घोटभर पाण्यासाठी त्याला तासाभराचं धैर्य लागलं. सूर्य बुडाला, त्याच सुमारास समोरच्या टेकडीमागून चंद्र वर आला, आणि उजेड गेला असं झालंच नाही. कांडोळाचं झाड आहे ना, पांढऱ्या सालीचं, ज्याला लोक भुताचं झाड म्हणतात, ते चांदण्यात असं उजळलं की त्याच्या प्रत्येक फांदीची सावली मोजता यावी. रातव्यांनी सूर धरला.

अस्वल दिसण्याआधी ऐकू आलं. ते कशाचीच पर्वा न करता चालतं, पाचोळा तुडवत, फुरफुरत. पाणी पितानाही मोठा आवाज. नंतर बराच वेळ काही नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही, कारण ताटवा करकरतो. मध्यरात्रीनंतर गव्यांचा कळप उतरला. एवढी अजस्र जनावरं आणि पाऊल वाजलं नाही. आधी गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसले, अंधारात नुसते पायच चालत आल्यासारखे. मग वरचा काळा देह हळूहळू चांदण्यातून वेगळा झाला. एक वासरू आईच्या पोटाखाली उभं राहून पीत होतं. माझ्या हातातला तक्ता तसाच राहिला. सोबतिणीनं बोटांनी मला आकडा दाखवला आणि स्वतःच लिहून टाकला. पहाटेच्या आधी कुठेतरी सांबराचा इशारा झाला, एकदा, दोनदा, आणि सारं रान कान देऊन उभं राहिलं. वाघ आमच्या पाण्यावर आला नाही. त्याला तिथून जाताना साऱ्यांनी ओळखलं होतं, मला तेवढं पुष्कळ वाटलं.

जागल म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं. हाकलायला कुणी नव्हतं. आरोळी द्यायची नव्हती. लहानपणी ज्यांना डबे वाजवून पळवलं त्यांच्यासाठी श्वास धरून बसायचं होतं.

या मोजणीवर शास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेप रास्त आहेत. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजलं जाऊ शकतं, आणि जे पाण्यावर आलंच नाही ते गणतीत नाही. वाघांची मोजणी त्या काळी पावलांच्या ठशांवरून होई. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि ती पद्धत गेली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात. पौर्णिमेच्या रात्रीला आता गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणतात. हा बदल मला योग्य वाटतो. मचाणं लोखंडाची झाली, ताटव्याची करकर गेली. मी जात राहिले.

एका पहाटे मचाणावरूनच रानपिंगळा पाहिला. सागाच्या उघड्या शेंड्यावर बसलेला, उजाडल्यावरही जागा, शेपटी झटकणारं छोटं घुबड. या पक्ष्याची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगते. ह्यूमनं १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, तोच ह्यूम ज्यानं पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कुणाला मिळाला नाही. एक नमुना १९१४ सालचा, गुजरातेतला, असं सांगितलं जाई. पण तो पक्षीसंग्राहक मायनर्ट्‌झहागेननं संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता, खोटी चिठ्ठी लावलेला. शोधणारे चुकीच्या जागी शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सहकाऱ्यांसह रानपिंगळा प्रत्यक्ष पाहिला. पुढे तो मेळघाटातही सापडला. मी पाहिला तेव्हा वनरक्षक म्हणाली, "ताई, हा तर रोजचा." एकशे तेरा वर्षं जगानं ज्याला गेलेला मानलं तो तिच्या रोजच्या वाटेवर होता.

मेळघाटबद्दल लिहिताना इथे थांबलं तर ते अर्धंच सांगणं होईल. गवे मनमुराद दिसतात ती काही गवताळ कुरणं म्हणजे व्याघ्र प्रकल्पासाठी उठलेली गावं आहेत. या शतकाच्या सुरुवातीला कोहा, कुंड, बोरी उठली, मग वैराट, चुर्णी आणि इतर. २००८ नंतर कुटुंबामागे पुनर्वसनाचे १० लाख रुपये ठरले. अशा एका गावाच्या जागी मी गेले आहे. कोरकूंच्या घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. तिथं आता त्या रांगांच्या जोत्यांमधून गवत कमरेइतकं वाढलं आहे. गावाबाहेर आंब्याखाली मुंडे मात्र उभे होते. मेलेल्या माणसाच्या नावानं कोरकू सागाची फळी कोरून उभी करतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. पावसानं चंद्राची कड झिजली होती. शेताच्या टोकाला मचाणाच्या दोन बल्ल्या अजून होत्या. म्हणजे इथेही जागल होती. इथेही डुकरांसाठी डबे वाजले, आरोळ्या गेल्या, होळीला ढोल-बासरीवर रात्र नाचली. त्या माणसांनी मचाण सोडलं म्हणून समोर गवे चरत होते. ते गवे मला हवे आहेत, आणि ती माणसं गेल्याची टोचणीही मी बाजूला सारू शकत नाही.

आमच्या गावाकडे आता ज्वारी फारशी कुणी पेरत नाही. पाखरं राखायला माणूस नाही, सोयाबीन सोपं पडतं. मचाणंही गेली. तरी गेल्या हिवाळ्यात एका वावरात एक ताजं मचाण दिसलं, पळसाच्या मुळांच्या वाखानं बांधलेलं. तसं बांधणं आमच्याकडे कुणी करत नसे. वर एक म्हातारे कोरकू बाबा बसले होते, तुरीवर रोही येतो म्हणून. डोंगरावरच्या, मी पाहिलेल्या त्याच गावातून उठवून इकडे वसवलेल्या वस्तीतले. मी राम राम केला, त्यांनी वर यायला जागा करून दिली.

त्यांना मी त्यांच्या जुन्या गावाजवळच्या डोहावरच्या पौर्णिमेच्या मचाणाविषयी सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, मचाणाचं तोंड कुणीकडे असतं. मी सांगितलं. "मग वारा?" ते म्हणाले. "उन्हाळ्यात त्या डोहावर वारा पहाटे फिरतो. पहाटे तुमच्याकडे काही येत नसेल." बरोबर होतं, त्या पाण्यावर पहाटे क्वचितच काही येई. मग आंब्याची चौकशी झाली, मोहाची झाली. मुंडे उभे आहेत का, हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारलं. मी आहेत म्हणाले, आणि चंद्राच्या झिजलेल्या कडेचंही सांगितलं.

जुन्या गावच्या देवाला वर्षातून एकदा जायचं तर त्यांना आधी परवानगी काढावी लागते. ती त्यांना हक्कानं मिळायला हवी; त्या रानात ज्यांचे पूर्वज गाडलेले आहेत त्यांना पर्यटकासारखी रांग लावायला लागू नये. यंदा ते नातवाला नेणार आहेत. नातू सपाटीवर जन्मला, मराठी शाळेत जातो, घरात कोरकू बोलतो. "गाडी शहानूरपर्यंत जाईल," बाबा म्हणाले. "पुढं साहेबांनी जीप दिली तर दिली. नाहीतर चालू. पोराला वाट पायांनीच दाखवलेली बरी."